कूलरच्या गवतात

आज सकाळी रमेशभाऊंनी माझ्या खोलीतल्या कूलरची मागची जाळी काढली आणि गेल्या वर्षीच्या वाळलेल्या गवतातून बोटभर लांबीची एक निळी वस्तू फरशीवर पडली. रमेशभाऊंनी ती उचलली, शर्टाला पुसली, उलटीसुलटी करून पाहिली. दर मार्चमध्ये होस्टेलचे सगळे कूलर तेच लावून देतात. मुलींच्या खोल्यांतल्या गवतात त्यांना केसांच्या पिना सापडल्या आहेत, पत्ते सापडले आहेत, एकदा चांदीचं पैंजण सापडलं आहे. ही वस्तू काय आहे, हेही त्यांना ठाऊक होतं.

"मॅडम, हे तर तेच होय ना? मागच्या साली अकरा नंबरात निघालं होतं. धूर काढ्याचं."

व्हरांड्यातून प्रांजली बादली घेऊन चालली होती. रमेशभाऊंनी तिच्या पाठीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"ते उमरेडवाली पोरगी पुन्हा घेतली ना तुम्ही? रोज संध्याकाळी तुमच्या खोलीत येते म्हणते मंदाबाई. पाहा जी, कुठं लपवलं तिनं. इथं कोन पाहते, म्हणून."

"टेबलावर ठेवा," मी म्हटलं.

त्यांनी ठेवली. मग पाणी चढवणारा टुल्लू पंप हलवून पाहिला, नवं गवत दाबून भरलं, पंप सुरू करून गवतावर पाणी सोडलं, पिशवीतून दोन बाटल्या काढल्या आणि विचारलं, "सेंट कोन्तं टाकू? मोगरा का वाळा?"

"नंतर सांगते."

ते वरच्या मजल्यावर गेले. जिन्यावरून त्यांच्या चपलांचा आवाज वर वर जात राहिला आणि मी टेबलासमोर उभी राहिले. ते माझं आहे. एवढे तीन शब्द बोलायचे होते. रमेशभाऊ खोलीत होते तेवढ्या वेळात तीस वेळा बोलून झाले असते.

मी मुलींच्या होस्टेलची रेक्टर आहे. सोळा वर्षं. तीन मजले, बावीस खोल्या, खापा, उमरेड, काटोल इकडच्या मुली. बेसाला माझा फ्लॅट आहे, तिथं नवरा राहतो; रविवारी मी जाते. मला ऋतूंचं कौतुक नाही. ऋतू म्हणजे कामं. पावसाळ्यात गच्चीची गळती, हिवाळ्यात गरम पाण्यावरून भांडणं, आणि होळी झाली की कूलर. माळ्यावरून लोखंडी स्टँड उतरवायचे, टाक्यांतला गंज खरवडायचा, गवत बदलायचं, खिडक्यांना पुठ्ठे ठोकायचे. नागपुरात कूलर लावणं हे सणासारखं असतं असं लोक म्हणतात. मला ते बदलीच्या सामानासारखं वाटतं. पण पहिल्यांदा पंप सुरू होतो, कोरड्या गवतावर पाणी उतरतं आणि तो ओला, मातकट, थोडा कुबट वास खोलीत शिरतो, तेव्हा मीही हातातलं काम थांबवते, हे खरं आहे.

आज तो वास आला आणि मला बसवेना. खुर्चीतून उठले, खिडकी उघडली, बंद केली. हजेरीचं रजिस्टर उघडलं, एकही नाव वाचलं नाही. गेला उन्हाळा परत अंगावर आला.

गेल्या वर्षीचा एप्रिल. विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा सुरू होत्या. मुली ओल्या ओढण्या डोक्याला गुंडाळून पाठांतर करत व्हरांड्यात फेऱ्या घालायच्या. अकरा नंबरच्या कूलरचं पाणी एका बाजूनं उतरेना, म्हणून रमेशभाऊंना बोलावलं. त्यांनी जाळी काढली तर गवतात एक गुलाबी नळी. मला आधी ती खुणा करायची शाईची पेन वाटली. मुलींचे चेहरे पाहिल्यावर समजलं. वेप. बॅटरीवर चालणारी, वाफ ओढायची सिगारेट; आपल्या देशात विकायलाच बंदी असलेली वस्तू, आणि माझ्या होस्टेलच्या कूलरमध्ये.

"कोणाची?" मी विचारलं.

त्या खोलीत तिघी राहायच्या. दोघी फरशीकडे पाहत होत्या. तिसरी प्रांजली. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, उमरेडची, बारीक अंगाची, जेवताना पुस्तक उघडं ठेवणारी. ती एक पाऊल पुढं आली.

"माझी आहे, मॅडम."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. अभ्यासाले जागी राहायचं म्हणून एका मैत्रिणीनं दिली होती. आता सुटत नाही."

"सोडायचं म्हटलं की सुटतं," मी म्हटलं. "मनात पाहिजे."

"तुम्हाले नाही समजणार, मॅडम," ती म्हणाली. उद्धटपणा नव्हता. आजारी माणूस डॉक्टरला कुठं दुखतं ते सांगतो, तसं सांगितलं.

नियमात पहिल्या वेळी ताकीद देऊन सोडता येतं. मी सोडलं नाही. बाकीच्यांना धडा बसावा, असा विचार केला. दुसऱ्या दिवशी तिची आई उमरेडहून एसटीनं आली. पिशवी मांडीवर घेऊन माझ्यासमोर बसली. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"पोरगी खोटं तर नाही बोलली ना, मॅडम? विचारलं तवा सांगितलं ना तिनं? मग काहून काढता?"

मी नियमाचा क्रमांक सांगितला.

उरलेले पेपर प्रांजलीनं उमरेडहून येऊन-जाऊन दिले. एका पेपरला बस वाटेत बंद पडली. ती केंद्रावर पोचली तेव्हा दार बंद झालं होतं. तो विषय राहिला.

माझ्या कपाटात जप्तीचा डबा असतो. बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा. त्यात पाणी गरम करायचे रॉड, इस्त्र्यांच्या वायरी, एक छोटी शेगडी. त्या वर्षी त्यात चार वेप जमल्या होत्या. नष्ट करायच्या तर त्यात बॅटरी असते, कचऱ्यात टाकता येत नाही, म्हणून राहिल्या. हे कारण खरं आहे. पुरेसं मात्र नाही.

एका दुपारी मी त्यातली एक हातात घेतली. पोरी हिच्यात एवढं काय पाहतात, हे रेक्टरला माहीत असायला हवं, असं मी स्वतःला सांगितलं. माझं वय एक्कावन्न. त्या वर्षी झोप उडालेली, अंगातून वाफा निघायच्या, कोणाचाही शब्द टोचायचा. दार लावलं, कूलर मोठा केला आणि ओढली. पिकलेल्या आंब्याची चव, पण थंड, मेंथॉलच्या गोळीसारखी. ठसका लागला. डोकं हलकं झालं. दोन मिनिटं कशाचाच राग आला नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिलं. अजून तसंच होतं का, म्हणून.

सिगारेटचा वास मला सहन होत नाही. नवऱ्याच्या तंबाखू-सुपारीच्या खर्र्यावर मी वीस वर्षं तोंड सोडत आले आहे. दर रविवारी त्याच्या खिशातली पुडी काढून कचऱ्यात टाकायची, हा माझा नेम. पण हिच्यात राख नाही, थुंकणं नाही, पेटवणं नाही. कपड्यांना वास राहत नाही. व्यसन कसं दिसतं, याचं जे चित्र माझ्या डोक्यात होतं, त्यात ही कुठंच बसत नव्हती. म्हणून ते व्यसन नाही, असं मी धरून चालले.

आणि कूलर होता. नागपुरात उन्हाळाभर घराघरांत टाकीच्या पाण्यात सेंट टाकतात. वाळ्याचा, मोगऱ्याचा, गुलाबाचा. दार उघडलं की गोड वास अंगावर येतो, त्याचं कोणाला काही वाटत नाही. आमच्या स्वयंपाकघराची सगळी सूत्रं जिच्या हातात आहेत ती मंदाबाई एकदा चहा घेऊन आली आणि दारातच नाक वर करून उभी राहिली.

"मॅडम, कोन्तं सेंट टाकून राहिले कूलरमधी? आंब्याचं निघालं का?"

"हो," मी म्हटलं. "नवीन निघालं."

"लय मस्त आहे. मलेही एक शिशी आणून द्या ना. घरच्या कूलरले."

आता खोटं बोललं की ते निभवावं लागतं. बर्डीच्या बाजारात गेले. कूलरचं सामान विकणाऱ्या तीन दुकानांत आंब्याचं सेंट मागितलं. तिसऱ्या दुकानदारानं माझ्याकडे नीट पाहिलं.

"आंब्याचं? बाई, कूलर होय का आईस्क्रीमचा ठेला?"

शेवटी मोगऱ्याची बाटली घेतली आणि मंदाबाईला सांगितलं, आंब्याचं संपलं. तिनं बाटली हुंगली, पदरात घेतली आणि काही बोलली नाही. मंदाबाई काही बोलली नाही की समजायचं, तिनं ते ठेवून दिलं आहे.

मे उजाडेपर्यंत चारपैकी तीन संपल्या होत्या. माझा दिवस कसा झाला होता ते साधं सांगते. सकाळी डोळे उघडले की चूळ भरायच्या आधी हात उशीखाली जायचा. चहाच्या आधी, चहानंतर, रजिस्टर लिहिताना, फोनवर पालकांशी बोलताना. घसा कायम कोरडा, माठातलं पाणी पिऊन पिऊन पोट फुगायचं, पण घसा ओला होत नव्हता. जिभेवर फोड. जेवणात मीठ कमी वाटायचं. मंदाबाईवर ओरडायचे, तिनं चाखून दाखवलं तरी ओरडायचे. छातीत मधूनच फडफड व्हायची, खोलीत पाखरू अडकल्यासारखी. आणि एक चिवट कोरडा खोकला. उन्हानं झाला, म्हणायचे. उन्हाळ्यात नागपुरात कशालाही ऊन हे उत्तर चालतं.

सगळ्यात वाईट म्हणजे मी बसू शकत नव्हते. ज्यामुळे शांत वाटायचं, त्याचीच आता अस्वस्थता होती. ओढली की दहा मिनिटं बरं, मग पुन्हा पाय हलायला लागायचे. रविवारी बेसाला गेले की तासाभरात परत निघायचे. "होस्टेल पेटलं का?" नवरा विचारायचा, खर्रा एका गालात ठेवून. मी त्याची पुडी कचऱ्यात टाकायचे आणि माझी नळी पर्समध्ये चाचपायचे.

चौथी संपली त्या दिवशी मी विकत घ्यायला गेले. पोरींच्या बोलण्यात एका पानठेल्याचं नाव यायचं. भर दुपारी छत्री घेऊन गेले. ठेल्यावरचा इसम कपड्यानं काचा पुसत होता. मी काय हवं ते हळू सांगितलं.

"ते इथं नाही भेटत, काकू. खर्रा पाहिजे?"

"भाचीसाठी हवी होती."

"भाचीले पाठवा मग," तो म्हणाला आणि काचा पुसत राहिला. मी उभीच राहिले. एक रिक्षावाला सुपारी घेऊन गेला, तरी उभी राहिले. शेवटी त्यानं वर न पाहता खोक्याखालून एक निळी डबी सरकवली आणि म्हणाला, "भाचीले सांगा, कमी ओढ म्हणा."

परत येताना छत्री उघडायची विसरले. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात सबंध रस्ता चालत आले, ते खोलीत आल्यावर लक्षात आलं.

मे महिन्याच्या मध्यात तिसऱ्या मजल्यावर एका मुलीला ऊन लागलं. शेवटचा पेपर देऊन आली आणि खोलीत आडवी झाली. "मॅडम, लवकर या," कोणी तरी वरून हाक मारली. मी बर्फाचं भांडं घेऊन निघाले. पहिला मजला झाला. दुसऱ्याच्या पुढच्या वळणावर माझ्या पायांनी ऐकलं नाही. श्वास आत जातच नव्हता, वरच्या वर फिरत होता. मी पायरीवर बसले. बर्फाचं भांडं मांडीवर. वरून मुली हाका मारत होत्या आणि मला "आले" एवढंही म्हणता येईना.

मंदाबाई मागून पाण्याची बादली घेऊन आली. माझ्या मांडीवरचं भांडं उचललं, वर गेली. त्या मुलीचं डोकं भिजवलं, मीठ-साखरेचं पाणी पाजलं, तिला बरं वाटलं. मग खाली येऊन माझ्या शेजारी पायरीवर बसली.

"मोगऱ्याची शिशी अजून फोडली नाही मी," ती म्हणाली. "तुमच्या खोलीतला वास सेंटाचा नव्हता, मॅडम."

मी भिंतीकडे पाहिलं.

"मी बारा वर्षं तंबाखू खाल्ली. मले काय शिकवता. कुठं ठेवता ते सांगा, नाही तर आणून द्या माझ्याजवळ. मी नाही म्हणणार नाही. मागसाल तवा देईन. पण मागावं लागन."

"त्यानं काय होईल?"

"मागाले लाज वाटते. लाज वाटली का कमी होते. माझं असंच झालं. शेजारणीजवळ पुडी ठेवली होती मी. दिवसातून दहा डाव तिच्या दारात कोन जाईन?"

तर ती निळी वेप मंदाबाईच्या कणकेच्या डब्यामागे गेली. पहिल्या दिवशी मी सात वेळा स्वयंपाकघरात गेले. "काय भाजी आहे?" असं विचारायचे. मंदाबाई भाजीचं नाव सांगायची आणि हात पुसत वाट पाहायची. सात वेळा मला ते उघड्या शब्दांत मागावं लागलं. दुसऱ्या दिवशी पाच.

डॉक्टरीणबाईंकडेही गेले. त्यांनी छाती तपासली, विचारलं, दिवसातून किती? मी म्हटलं, मोजलं नाही. "सिगारेट विझते, म्हणून मोजता येते," त्या म्हणाल्या. "ही तुम्ही खाली ठेवेपर्यंत संपत नाही. त्यामुळे आत किती गेलं ते कळत नाही." तलफ आली की काही मिनिटं थांबा, हाताला काम द्या, पाणी प्या, ती लाट ओसरते. सकाळची पहिली रोज थोडी पुढं ढकला. झोपायच्या खोलीत कधीच नाही. अगदी जमलं नाही तर औषध आहे, मी देईन, मनानं काही घेऊ नका. आणि कमी करणं हा रस्ता आहे, मुक्काम नाही. एवढंच. मला आवडल्या त्या. उपदेश केला नाही.

खोलीत नाही, तर कुठं? मी ठरवलं, फक्त गच्चीवर. तेही उन्हात, टाकीच्या सावलीत नाही. ज्यांनी मे महिन्यात दुपारी दोन वाजता नागपुरातल्या गच्चीवर पाय ठेवला आहे, त्यांना यातली युक्ती कळेल. कठड्याला हात लागला तर चटका. वारा म्हणजे भट्टीचं दार उघडल्यासारखा. पहिला झुरका घेईपर्यंत डोळ्यांपुढं पिवळं व्हायचं, दुसरा घ्यायची इच्छाच उरायची नाही. आणि गच्ची तिसऱ्या मजल्याच्याही वर. चढून जावं लागायचं. वळणावर बसावं लागायचं. बऱ्याचदा तिथूनच परत यायचे.

सातावरून पाच, पाचावरून दोन. मग नवतपा आला. रोहिणीतले ते नऊ दिवस. या दिवसांत ऊन जितकं तापेल तितका पाऊस चांगला, असं आमच्याकडे मानतात. लोक दारं लावून कैरीचं पन्हं पीत बसतात. मी मंदाबाईला म्हटलं, हे नऊ दिवस नाही द्यायची. मागितली तरी नाही. होती ती निळी तिनं भंगारवाल्याकडे देऊन टाकली.

मला ते दिवस आठवतात ते हातांमुळे. हातांना काय करावं ते समजत नव्हतं. मी होस्टेलच्या सगळ्या खोल्यांचे पडदे धुतले. बावीस कुलपांना तेल घातलं. तांदूळ निवडले, ज्यात खडे नव्हते. मुली घरी गेलेल्या, रिकाम्या व्हरांड्यात माझ्याच चपलांचा आवाज. मंदाबाईशी रोज भांडले. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "भांडा, भांडा. भांडण फुकटचं आहे."

पाचव्या दिवशी मी छत्री घेऊन पानठेल्यावर गेले. अगदी तशीच निळी आणली आणि ओढली. मंदाबाईला दिसू नये म्हणून खोलीतल्या कूलरच्या गवतात खोचली. कुठं लपवायची याचा विचारही करावा लागला नाही. जागा मला प्रांजलीनं शिकवली होती.

सहाव्या दिवशी काढायला गेले तर हाताला लागेना. ओल्या गवतातून ती आत घसरली होती. कोपरापर्यंत हात घातला, जाळीनं मनगट खरचटलं. जाळीच्या पट्ट्या गंजून घट्ट बसल्या होत्या, रमेशभाऊंशिवाय निघाल्या नसत्या. आणि त्यांना कोणत्या तोंडानं बोलावणार? तेवढ्यात मंदाबाई दारात आली.

"कूलरमधी काय पाहून राहिले?"

"गवत कोरडं राहिलं का, ते बघते."

हात बाहेर काढला आणि खरचटलेलं मनगट पाठीमागे धरलं. उरलेले दिवस मी काढले. पुढचेही. पण हे सांगितलं पाहिजे: त्या दिवशी ती हाताला लागली असती, तर मी सोडली असती की नाही, मला माहीत नाही. माझ्या निश्चयाचा त्यात अर्धाच वाटा. बाकी अर्धा गंजलेल्या पट्ट्यांचा.

जूनमध्ये मी उमरेडला गेले. पाऊस अजून नव्हता. एसटीच्या पत्र्याला पाठ लावता येत नव्हती. मधल्या एका थांब्यावर बस बराच वेळ उभी राहिली, आणि मी घड्याळ पाहत होते. मला कुठं पेपर द्यायचा नव्हता.

प्रांजलीच्या आईनं पाणी दिलं, मग दाराशी शिवणयंत्रावर जाऊन बसली. मशीन चालू केली नाही. मी प्रांजलीला सांगितलं: तुझ्याकडून जप्त केलेली वस्तू मी ओढली. नुसती ओढली नाही, मला ती सुटेना. तुला मी जे म्हटलं होतं, ते मला माहीत नसताना म्हटलं होतं.

तिनं पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. मग म्हणाली, "आता किती दिवस झाले?"

"एकवीस."

"माझे चार. आधी अकरा झाले होते, मग तुटले." तिनं नखानं सतरंजीचा धागा ओढला. "कसं सोडलं तुम्ही?"

मी कणकेच्या डब्याचं सांगितलं, गच्चीचं सांगितलं, नवतप्याचं सांगितलं. गवताचं सांगितलं नाही. एकवीसमधले पहिले पाच दिवस माझे नव्हते, हेही नाही.

तिच्या प्रवेशाच्या अर्जावर मी शिफारस लिहिली. ती परत आली, राहिलेला विषय हिवाळी परीक्षेत काढला. रोज संध्याकाळी सहाला ती माझ्या दारात येते. आत येऊन बसत नाही, चौकटीला टेकून उभी राहते आणि विचारते, "आज?" मी म्हणते, "नाही. तुझं?" ती म्हणते, "नाही." कधी, "एकदा." ज्या दिवशी "एकदा" असतं, त्या दिवशी ती आत येऊन बसते, मंदाबाई चहा करते आणि आम्ही दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलतो. डिसेंबरपासून तिचं "एकदा" आलेलं नाही.

पण होस्टेलात ती अजून "सापडलेली मुलगी"च आहे. नव्या मुलींना जुन्या मुली सांगतात. ती ऐकते. माझ्याबद्दल तिनं कोणाला एक अक्षर सांगितलेलं नाही.

हे सगळं टेबलावर पडलं होतं, आज सकाळपासून. अकरा वाजता मी ती वस्तू उचलून हुंगली. आंबा नव्हता. गंजाचा आणि कुजक्या गवताचा वास. ओठांना लावली नाही. लावावीशी वाटली; दहा महिने होत आले तरी वाटली, हे लिहून ठेवते. मग मी जेवायला गेले नाही. कपाट लावलं. तेच कपाट पुन्हा लावलं. संध्याकाळी सहाला ती येणार आणि विचारणार. त्याच्या आत काही करायला हवं होतं, आणि मी कपाट लावत होते.

तीनच्या सुमारास वरून हसण्याचा आवाज आला. मी व्हरांड्यात आले. जिन्याच्या पोकळीतून तिसऱ्या मजल्यावरचं बोलणं स्पष्ट खाली येतं, हे मुलींना कधीच कळत नाही.

"प्रांजली, मॅडमच्या खोलीत पन दुकान टाकलं का वं?"

"मॅडमचा कूलर म्हणजे एकदम सेफ ना."

"सहा वाजता काहून जाते, ते आता समजलं."

हसणं. मग रमेशभाऊंचा आवाज: "जाऊ द्या ना बापा, पोरींनो. गवत पकडा इकडून." प्रांजलीचा आवाज आला नाही. मी थांबले, येईल म्हणून. ती बोलू शकत होती. तिला फक्त माझं नाव घ्यायचं होतं.

मी खोलीत जाऊन ती वस्तू मुठीत घेतली आणि जिना चढले. पहिला मजला. दुसरा. वळण आलं. तिथं मी गेल्या वर्षी बर्फाचं भांडं घेऊन बसले होते. पाय थांबले, पण दम लागून नाही. श्वास ठीक होता. त्याची सबब उरली नव्हती. चढले.

अकरा नंबरच्या दारात पाच-सहा मुली उभ्या होत्या. आत रमेशभाऊ जाळीत गवत भरत होते आणि प्रांजली दुसऱ्या बाजूनं जाळी धरून उभी होती. मला पाहून सगळ्या बाजूला सरल्या. मी मूठ उघडली.

"हे माझं होतं," मी म्हटलं. "गेल्या उन्हाळ्यात मी ओढत होते. माझ्या कूलरमध्ये मीच लपवलं होतं. प्रांजलीचा याच्याशी काही संबंध नाही."

कोणी हसलं नाही. एकीनं दुसरीकडे पाहिलं. हे आज संध्याकाळपर्यंत संस्थेच्या सचिवांच्या कानावर जाणार. त्याआधी मीच फोन करायचा, हे मी जिन्यातच ठरवलं होतं. ते पुढचं पुढं.

प्रांजलीनं जाळी सोडली नाही. माझ्या हाताकडे पाहत म्हणाली, "हे मले तुम्ही उमरेडले नव्हतं सांगितलं."

"नव्हतं सांगितलं. एकवीस दिवस पण खोटे होते. सोळा होते."

तिनं थोडा वेळ हिशोब केल्यासारखं केलं. "म्हणजे माझ्यापेक्षा फार पुढं नव्हत्या तुम्ही."

"नव्हते."

"बरं," ती म्हणाली आणि जाळी थोडी वर उचलली, रमेशभाऊंना पट्टी बसवता यावी म्हणून. त्यांनी पट्टी ठोकली, हात झटकले, पिशवीतून पुन्हा त्या दोन बाटल्या काढल्या. माझ्याकडे नीट पाहायला त्यांना जड जात होतं, पण काम अर्धवट ठेवायची त्यांची सवय नाही.

"मग मॅडम, तुमच्या खोलीतल्या कूलरचं राहिलं होतं. सेंट कोन्तं टाकू?"

"काहीच नको, रमेशभाऊ," मी म्हटलं. "नुसतं पाणी."